उताराखालची रेती

बाबा, आधी 'तुम्हाला' असं लिहिलं आणि मग खोडलं. मी तुला कधी तुम्ही म्हटलंच नव्हतं. या काठावरून त्या काठाला हाक मारायची तर 'ए बाबा' एवढं पुरायचं. पण इतकी वर्षं शाळेत शिकवते आहे, पुस्तकातली भाषा हाताला लागली आहे, आणि गेलेल्या माणसाला मान द्यावा असंही मनात येतं. तू असतास तर हसला असतास. म्हणाला असतास, "कोनाले लिवून राह्यली व, तहसीलदाराले काय?" तेव्हा तूच. तू गेलास त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. तुझ्याहून थोरली झालेली मुलगी तुला अरे-तुरे करते आहे असं समज.

लिहायला बसायला कारण झालं सातवीच्या वर्गातलं. दारव्ह्याच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते तिथं कुंपणाची भिंत बांधायचं काम चालू आहे, खिडकीतून रेतीचा ढीग दिसतो. धडा खडकांचा होता. मी विचारलं, रेती कशी तयार होते? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "डंपरमधून येते मॅडम." वर्ग हसला, मीही हसले. पण त्या पोराचं चुकलं नव्हतं, त्यानं रेती दुसरीकडे कुठं पाहिलीच नव्हती. बाहेरचा ढीगसुद्धा नदीचा नव्हता. आता क्रशरवर दगड फोडून रेती करतात. काळपट, टोकदार, मुठीत घेतली तर बोचते. मिस्त्रीनं गिलाव्यासाठी थोडी नदीची रेती वेगळी ठेवली होती, तिच्यातली मूठभर मागून आणली, पांढऱ्या कागदावर पसरली आणि एकेकाला भिंगातून पाहायला लावलं. पोरं भिंग सोडेनात. कारण जवळून पाहिलं की रेती रेतीच्या रंगाची राहत नाही. काचेसारखे स्वच्छ कण असतात ती गारगोटी. सगळ्यांत टणक, म्हणून बाकीचं झिजून गेलं तरी ती उरते. काळे कण आपल्याच भागातल्या काळ्या दगडाचे. एखादा विटकरी, एखादा मधाच्या रंगाचा. अभ्रकाची चमकी. मधूनच शिंपल्याचा तुकडा, ज्यात कधीतरी एक जीव राहत होता. मी सांगितलं, डोंगर उन्हानं तडकतो, पाण्यानं फुटतो, नदी त्याला ढकलत, घासत, गोल करत खाली आणते. आणि तुम्ही ज्या भिंगातून बघताय त्याची काचही रेती वितळवूनच केलेली असते. सांगून झालं आणि कानात तुझं बोलणं आलं. "रेती म्हंजे गोट्याचं पीठ. वरतं देव दळून राह्यला, खालतं आपून पेरून राह्यलो." ते मात्र वर्गात सांगितलं नाही. 

आपल्याकडे शेत नव्हतं. मारेगावच्या त्या सगळ्या पट्ट्यात जिकडे पाहावं तिकडे पऱ्हाटी आणि तूर, आणि आपलं शेत म्हणजे वर्धा नदी, तीही दिवाळीपासून पावसाळा लागेपर्यंतच. पाणी उतरलं की काठाखाली रेतीचा लांब पट्टा उघडा पडायचा आणि तू तिथं डांगरवाडी, खरबुजांची वाडी, लावायचास. लोकांना वाटतं रेतीत काय पिकणार. तू ओल लागेपर्यंत रेती उकरून लांब चर काढायचास, त्यात शेणखत भरायचास, मग बी. वरची रेती दुपारी पाय भाजण्याइतकी तापलेली आणि वीतभर खाली ती गार, ओली. मी आता पोरांना शिकवते की कणांच्या मधल्या फटींत पाणी धरून राहतं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तू बोटानं उकरून म्हणायचास, "पाह्य, झोपली हाय नदी खालतं," आणि मी कान लावून ऐकायची.

तुराट्यांची खोपडी बांधलेली. तिच्या पुढ्यात माय तीन दगडांवर भाकरी टाकते आहे. पाणी पाहिजे म्हणून मी नदीच्या धारेकडे जात नाही, खोपडीपासून थोडं पुढं हातानंच खड्डा उकरते, तो झिरा. पहिलं गढूळ उपसून टाकते, मग रेतीतून गाळून आलेलं पाणी वर येतं, इतकं स्वच्छ की तळाचे कण मोजता यावेत. भांडी रेतीनंच घासायची. तोडलेली डांगरं रेतीत पुरून ठेवायची म्हणजे बाजारापर्यंत ताजी राहतात. फुटक्या कढईत रेती तापवून माय त्यात हरभरे फुटाण्यासारखे भाजायची. तुझा गुडघा धरला की तीच गरम रेती फडक्यात बांधून शेकायची. आणि ऊन कललं की तू तळहातानं रेती सपाट करून द्यायचास. मी तिच्यावर शाळेत शिकलेली अक्षरं काढायची, तुला वाचता यायचं नाही, तू नुसता बघायचास आणि मग पुसून पुन्हा कोरी करून द्यायचास. असं कितीही वेळा. मला वाटतं माझी पहिली पाटी आणि पहिला विद्यार्थी दोन्ही तिथलेच.

तू मला एकदाच रागावलास. भाकरीत रेती कचकचली म्हणून मी तुकडा नदीत भिरकावला होता. तू जेवणावरून उठलास, पाण्यात उतरून तो भिजका तुकडा घेऊन आलास आणि माझ्या ताटात ठेवलास. "फेकाची नाही. नदीचं खातो आपून, तं नदी थोडी तोंडात येईनच." मी रडत तो खाल्ला. मायनं मध्ये पडून सोडवलं नाही. आता घरात गव्हाची पोळी असते, चाळलेलं पीठ असतं, आणि कधीतरी पालकाच्या भाजीत कचकन दाताखाली येतं तेव्हा मी क्षणभर थांबते.

मग गावच्या शाळेला नव्या खोल्या मंजूर झाल्या. कवेलूची, म्हणजे कौलांची, जुनी शाळा पावसाळ्यात गळायची, आम्ही दप्तरं डोक्यावर धरून बसायचो. काम घेणारा ठेकेदार तुला शोधत नदीवर आला, कारण चांगली रेती कुठं आहे हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं असं गावात म्हणायचे. तू त्याला उताराच्या वरच्या अंगाची जागा दाखवलीस. उतार म्हणजे आपण नदी पायी ओलांडायचो ती जागा, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी आणि खाली टणक रेती. तिथली रेती जाड, धुतलेली, मुठीत दाबली तर हाताला माती लागत नाही. तू नुसती दाखवली नाहीस, फावडं-घमेलं घेऊन भरू लागलास. माय म्हणाली, "आपल्या वाडीच्या डोक्यावरची रेती कायले देता?" तू घमेलं खाली ठेवलंस. मला जवळ ओढलंस. म्हणालास, "पोट्टी पक्क्या खोलीत बसन. अन् नदी काय आटून राह्यली? पावसाळ्यात घेऊन येते थे परत." त्या दिवशी तू किती खुशीत होतास. पहिल्या खोलीचा स्लॅब टाकून झाला तेव्हा तू मला खांद्यावर बसवून दाखवायला नेलंस, आणि ओल्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणालास, "हे आपली नदी."

शाळेपुरती नेली असती तर नदीनं भरून काढलीही असती. तुझं म्हणणं खोटं नव्हतं. पूर दरवर्षी रेती आणतो, पण त्याच्या चालीनं आणतो. माणसाची चाल वेगळी. जागा एकदा माहीत झाली आणि मारेगावहून, वणीहून ट्रॅक्टर यायला लागले. पुढच्या साली आपले चर उकरताना तुला ओल सापडेना. तू कमरेपर्यंत आत जायचास आणि वर बघून म्हणायचास, "खालीच गेली हो." माझा झिरा आटला. तू ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडून सांगायला गेलास की उताराला धक्का लावू नका, लोकांची वाट आहे. ते बरं म्हणाले. त्यातले काही चांगले होते, तुझ्याजवळ बसून डांगर खाऊन गेले.

त्या उन्हाळ्यात तुला ताप आला होता. तू घरीच पडून होतास आणि तेवढ्यात अवकाळी पाऊस होऊन नदीला गढूळ पाणी आलं. ताप उतरला त्या सकाळी तू कावड भरलीस. पलीकडच्या गावचा बाजार होता. माय म्हणाली, उद्या जा. तू म्हणालास, डांगरं थांबतात का उद्यापर्यंत. मी काठावर उभी होते. तू रोजच्या वाटेनं पाण्यात उतरलास, मागं न बघता, माणूस आपल्या घरात अंधारातही चालतो ना, तसा. तू पडून होतास तेवढ्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्यांनी उतारापर्यंत उकरत आणलं होतं. गढूळ पाण्याखाली काहीच दिसत नव्हतं. मला अजूनही पटत नाही की पोहणारा माणूस बुडाला. तुला पाण्यानं नाही नेलं बाबा. कड ढासळली. खड्ड्याची उभी कड ओलसर असते तोवर भिंतीसारखी उभी राहते, पण पाण्यानं पुरती भरली की कणाला कण धरत नाही, सगळी एकदम वाहते. तुझे पाय तिनं धरले. हे मी पुढं पुस्तकातून शिकले आणि ज्या दिवशी ते पान वाचलं त्या दिवशी जेवले नाही.

त्या वेळी मला एवढंच दिसलं की तू नाहीस आणि डांगरं तरंगत खाली चालली आहेत. पिवळी डांगरं, एकामागून एक, ओळीनं. मला वाटलं कावड सांडली म्हणून तू खाली वाकून शोधतो आहेस. मी ओरडले, "बाबा, थे पाह्य, इकून चालले!" मी तुला डांगरं दाखवत होते.

माय रडली नाही. म्हणजे लोकांना दिसेल अशी रडली नाही. तेरवी झाली, वाडीतले वेल तिनं स्वतःच्या हातानं उपटले, आणि दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. मला शाळेत जाऊ देईना. मी दप्तर घेतलं की ती काढून घ्यायची. "थ्या खोल्याईत पाय ठिवाचा नाही." गुरुजी दोनदा घरी आले, ती आतूनच म्हणाली, पोट्टी येत नाही. तिचा राग ट्रॅक्टरवर नव्हता, ठेकेदारावर नव्हता. तुझ्यावर होता. भाकरी थापता थापता मधेच बोलायची, तू समोर बसल्यासारखी, "दाखवाले कोन सांगतलं होतं तुले? कोन विचारत होतं?" मग पुन्हा थापायला लागायची. मला तिची भीती वाटायची. मी तिच्याबरोबर कापूस वेचायला जायची, आणि शाळेच्या बाजूनं जावं लागू नये म्हणून ती लांबची पांदण धरायची.

पावसाळा आला. एका सकाळी पाणी असं कोसळलं की शेतात कोणी गेलं नाही. आमच्या घराचा मागचा पाखा गळत होता, आम्ही दोघी एका कोपऱ्यात पोत्यावर बसलो होतो. शाळेतून पोरांचा पाढ्यांचा आवाज येत होता, पावसातही, एका सुरात. माय बराच वेळ ऐकत राहिली. मग उठली, डोक्यावर पोतं घेतलं, माझा हात धरला.  शाळेच्या ओसरीत आल्यावर तिनं पोतं बाजूला टाकलं आणि भिंतीवर तळवा ठेवला. पूर्ण तळवा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. गुरुजी बाहेर आले, तेही थांबले.   शेवटी ती म्हणाली, "कोल्ली हाय. आत पानी नाही येत." कोल्ली म्हणजे कोरडी, आपला गावठी शब्द, इथं दारव्ह्यातही लोक बोलतात, पण मला तो तिच्याच आवाजात ऐकू येतो. मग गुरुजींकडे न बघता म्हणाली, "इचं नाव काटलं असन तं लिवा परत," आणि मला दारातून आत ढकललं. मी वळून पाहिलं तेव्हा ती पावसात पोतं न घेताच निघाली होती.

त्यानंतर तिनं मला एक दिवसही घरी ठेवलं नाही. सातवी झाली, पुढं मारेगावला गेले, मग डी.एड., मग नोकरी, आणि दारव्ह्यात घर झालं तेव्हा मी तिला आणायला गेले. ती सहज येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, दारात उभी राहिली, पायरीवर वाकून पाहिलं आणि विचारलं, "रेती कोठची?" मी खरं सांगितलं, माहीत नाही, ठेकेदारानं आणली. तिनं मान हलवली. "कोनाची तं असनच," म्हणाली आणि आत आली. बाबा, मी गावात बांधलेल्या घरांकडे पाहते तेव्हा मला तिचं ते वाक्य आठवतं. बाजारच्या दिवशी जीपमध्ये बसून मी बाहेर बघते. दोन्ही बाजूंना नवी दुकानं, कॉम्प्लेक्स, मंगल कार्यालय. लोकांनी हौसेनं बांधलेलं सगळं. त्यांचं काय चुकलं? आपल्यालाही पक्की खोली हवीच होती. पण प्रत्येक भिंतीत कुठली तरी नदी आहे, आणि त्या नदीला कुठं तरी उतार असेल.

गेल्या उन्हाळ्यात मायनं वाडी बघायची म्हणून हट्ट धरला. तिचं मन हल्ली जागेवर राहत नाही, नुकतं झालेलं विसरते आणि जुनं समोर असल्यासारखं बोलते. मी तिला घेऊन गेले. उताराच्या जागी पूल झाला आहे. पुलावरून खाली पाहिलं तर तुझा रेतीचा पट्टा नाही. चिखल, उघडा पडलेला खडक, मधे मधे डबकी, काठानं बेशरमाची झुडपं माजलेली. मी तिला हाताला धरून खाली नेलं. तिनं चप्पल काढली आणि पावलानं चाचपत चालू लागली, बोटं चिखलात रुतवून, कुठंतरी कण लागतील म्हणून. बरंच चालली. मग माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "हे आपली नदी नोहे, बाई. तुमी चुकीच्या जागी आनलं मले." मी शिकवते तरी हेच की डोंगराची रेती व्हायला माणसाच्या कल्पनेत मावणार नाही इतका काळ लागतो. मी म्हटलं, "हो माय, चुकलं. चाल घरी."

तेव्हापासून ती तुझी वाट बघते. दिवेलागणीला ओसरीत येऊन बसते आणि विचारते, "तुहा बाबा आला काय नदीवून?" सुरुवातीला मी खरं सांगितलं. दोन-तीनदा सांगितलं. दरवेळी तिला ते पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्या काळात जी रडली नव्हती ती आता माझ्यासमोर रडत होती, हंबरडा फोडून. मग मी सांगणं सोडलं. आता मी म्हणते, "येऊन राह्यला, माय." ती हो म्हणते आणि शांत होते. शेजारच्या बाईंना वाटतं मी तिला फसवते. असेल.

हे कागद कुठं टाकायचे मला माहीत नाही. नदीत सोडावेत असं आधी वाटलं होतं, पण सोडण्याइतकं पाणी तिच्यात नव्हतं. मायला वाचून दाखवता येणार नाहीत. घरात राहतील, इतर कागदांत, कधीतरी रद्दीत जातील. फक्त एक सांगायचं राहिलं. परवा संध्याकाळी माय ओसरीत बसली आणि काहीच विचारलं नाही. मी आत-बाहेर केलं, तिच्यापुढं चहा ठेवला, मुद्दाम थोडी रेंगाळले. ती रस्त्याकडे बघत राहिली. अंधारून आलं. शेवटी मीच तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "माय, बाबा आला नाही काय अजून?" तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "येईन," म्हणाली. "नदीले पानी असन थोडं. तू जेवून घे."

मला बरं वाटलं बाबा. मी आत जाऊन जेवले.